बिनदोरीचे आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स: किनाऱ्यावरच्या घरात बसवायचे कसे, वापरायचे कसे

गुहागरात आमच्या घरापासून समुद्र चालत तीन मिनिटांवर आहे. मधे नारळी-पोफळीची वाडी, पलीकडे सुरूची झाडं आणि मग पुळण. दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन थेट माजघरापर्यंत येतं. खारे वारे तर त्याच्याही बरेच आधी सुरू झालेले असतात. कापडी पडदे या हवेत टिकत नाहीत. पावसाळाभर ओलसर राहतात, श्रावणापर्यंत त्यांना कुबट वास यायला लागतो आणि धुतले तर चार-चार दिवस वाळत नाहीत. म्हणून मी एकेक करत घरातल्या सगळ्या खिडक्यांना आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स लावले, तेही बिनदोरीचे, आणि सगळे स्वतःच्या हाताने.

खोक्यातल्या सूचनापत्रकात जी भिंत काढलेली असते ती सपाट, कोरडी आणि काटकोनात असते. आपल्याकडे चिऱ्याची, म्हणजे तांबड्या जांभा दगडाची, भिंत असते, फणसाची नाहीतर सागाची चौकट असते आणि हवेत मीठ असतं. त्यामुळे कागदावरच्या पायऱ्या जशाच्या तशा पाळूनही इथे काम फसतं. कुठे फसतं आणि ते कसं टाळायचं, ते सविस्तर लिहिते.

दोरी का नको

आधी आमच्याकडे एका खोलीत दोरीचे ब्लाइंड्स होते. एका गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं. माझ्या बहिणीची अडीच वर्षांची नात खिडकीखालच्या पलंगावर उभी राहिली, लोंबणारी दोरी हातात घेतली आणि मखरातल्या बाप्पाच्या गळ्यात हार असतो तशी स्वतःच्या गळ्यात घातली. "आजी, बघ, हार!" बहीण दोन पावलांवर होती म्हणून लगेच धावली. दोरी सोडवताना तिचे हात थरथरत होते. त्याच संध्याकाळी सगळ्या दोऱ्या मी वर गुंडाळून बांधल्या आणि दिवाळीच्या आत ते ब्लाइंड्स उतरवले.

ही भीती उगाचची नाही. ब्लाइंडच्या दोरीचा फास बसून लहान मुलं दगावल्याच्या घटना वर्षानुवर्षं घडत आल्या आहेत. त्यामुळेच अमेरिकेत दुकानात तयार मिळणाऱ्या ब्लाइंड्सना हाताशी लोंबणारी दोरी नसावी, असं मानक 15 डिसेंबर 2018 पासून लागू झालं. मापानुसार बनवून घेतलेल्या ब्लाइंड्सनाही ते 1 जून 2024 पासून लागू झालं. आपल्याकडे दोरीचे ब्लाइंड्स आजही सर्रास मिळतात आणि स्वस्त पडतात. घरात लहान मूल नसलं तरी मे महिन्यात आणि गणपतीला चाकरमान्यांची मुलं येतातच. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण दोरीचा ब्लाइंड घेऊ नका.

बिनदोरीचा म्हणजे आत दोरी नसतेच असं मात्र नाही. पट्ट्यांच्या भोकांतून बारीक दोऱ्या जातात आणि वरच्या पेटीत स्प्रिंगच्या फिरकीवर गुंडाळल्या जातात. स्प्रिंगचा ताण आणि पट्ट्यांचं वजन यांचा तोल कारखान्यात जमवलेला असतो. म्हणून तळपट्टी जिथे सोडाल तिथे ती थांबते. हा तोल डोक्यात ठेवा. माप घेण्यापासून दुरुस्तीपर्यंत त्याचा संबंध येत राहतो.

खिडकी नीट बघून घ्या

पहिला प्रश्न, झडपा कुठे उघडतात? बाहेर उघडत असतील तर ब्लाइंड गाळ्यात, म्हणजे भिंतीतल्या खिडकीच्या पोकळीत, आरामात बसतो. आत उघडत असतील तर ब्लाइंड खाली असताना झडप उघडणार नाही. अशा खिडकीला तो भिंतीवर, चौकटीच्या वरच्या बाजूला लावायचा. तोही इतका वर, की सगळ्या पट्ट्या गोळा केल्यावरही झडप त्याखालून मोकळी फिरावी. चार फूट उंचीच्या खिडकीला 25 मिलिमीटर रुंदीच्या पातळ अॅल्युमिनियम पट्ट्या गोळा होऊन साधारण चार बोटं जागा खातात, 50 मिलिमीटर रुंदीच्या जाड पट्ट्या जवळजवळ वीतभर. वर तेवढी भिंत आहे का, ते आधी बघा.

सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या असतील तर डासांच्या जाळीची कडी किती पुढे येते ते मोजा. पट्ट्या त्या कडीवर घासल्या तर महिन्याभरात रंग उडतो, आणि रंग उडाला की गंज किंवा पांढरे डाग आलेच.

चिऱ्याच्या भिंतीचा एक मोठा फायदा म्हणजे ती जाड असते, त्यामुळे गाळा खोल मिळतो. 25 मिलिमीटर पट्टीच्या ब्लाइंडला साधारण 3 सेंटिमीटर खोली पुरते, 50 च्या पट्टीला 6 ते 7. आपल्याकडच्या बहुतेक खिडक्यांत दोन्ही बसतात आणि वरची पेटी पूर्ण आत जाते. माझा कल गाळ्यात बसवण्याकडेच असतो. कारण तिथे स्क्रू लाकडात मारायला मिळतात आणि वाऱ्यावर ब्लाइंड कमी हलतो. दोन्ही कडांना बारीक फट राहते, तेवढा उजेड येतो. झोपायच्या खोलीत तो नको असेल तर भिंतीवर लावा आणि दोन्ही बाजूंना किमान 5-5 सेंटिमीटर जास्त रुंदी घ्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. आतला ब्लाइंड डोळ्यांवरची तिरीप अडवतो, पण ऊन काचेतून आत येऊन गेलेलं असतं. उष्मा मुळातच अडवायचा तर सावली बाहेर हवी. पडवीला झावळ्यांचे झाप लावायची जुनी रीत या बाबतीत आजही सरस आहे. आमच्या पश्चिमेला दोन्ही आहेत.

माप: तीनदा, आणि मिलिमीटरमध्ये

धातूची टेप घ्या, शिवणकामाची कापडी टेप ताणली जाते. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजा आणि सगळ्यात जास्त आकडा धरा. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत 1 सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर गाळा तिरका आहे. त्यात सरळ ब्लाइंड बसवला तर तो तिरकेपणा रोज डोळ्यांना खुपेल, त्यापेक्षा भिंतीवर लावा.

सुतार सुतात बोलतो, कारखाना मिलिमीटरमध्ये कापतो. एका इंचाला आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण 3.2 मिलिमीटर. मी पहिली ऑर्डर "तीन फूट पाच इंच दोन सूत" अशी तोंडी दिली होती. मधे कुठेतरी कोणीतरी आकडा गोळाबेरीज केला आणि ब्लाइंड दोन सूत रुंद आला. तो गाळ्यात गेलाच नाही. तेव्हापासून कागदावर मिलिमीटरमध्ये लिहून देते, रुंदी आधी आणि उंची नंतर, आणि त्याखाली एक ओळ: "ही मापं गाळ्याची आहेत, ब्लाइंडची नाहीत." गाळ्यात सहज बसावा म्हणून कारखाना स्वतःच थोडी रुंदी कमी करतो. तुम्हीही आधीच कमी करून दिली तर फट दुप्पट होते.

लाकडी चौकट पावसात फुगते. शक्य असेल तर माप श्रावणात घ्या. एप्रिलमध्ये घेत असाल तर दुकानदाराला तसं सांगून 3 मिलिमीटर जास्तीची मोकळीक ठेवायला लावा.

उंची अंदाजाने जास्त मागवू नका. "खालच्या चार पट्ट्या काढून टाकू" हा विचार दोरीच्या ब्लाइंडला चालून जातो, इथे नाही. पट्ट्या कमी केल्या की वजन घटतं, स्प्रिंग वरचढ होते आणि ब्लाइंड आपोआप वर सरकायला लागतो.

पाच फुटांहून रुंद खिडकीला एकच ब्लाइंड घेऊ नका. दोन घ्या आणि त्यांचा सांधा चौकटीच्या मधल्या उभ्या लाकडासमोर येऊ द्या. रुंद ब्लाइंड जड होतो, आणि एका बाजूने ओढला की लगेच तिरका होतो.

शेवटचं माप माणसाचं. ब्लाइंड पूर्ण वर गेल्यावर तळपट्टीपर्यंत घरातल्या सगळ्यांचा हात पोचतो का? माझ्या आईचा पोचत नव्हता. तिच्या खोलीत ब्लाइंड पूर्ण वर न्यायचाच नाही, तिच्या खांद्याइतकाच ठेवायचा, असं ठरवलं. उंच खिडकीसाठी टोकाला आकडा असलेली काठी मिळते. ती मागवायची तर ब्लाइंडबरोबरच मागवा.

कोणता माल घ्यावा

खऱ्या लाकडाच्या पट्ट्या दिसायला देखण्या असतात, पण किनाऱ्यावर घेऊ नका. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चार महिने हवा ओलीचिंब असते. पट्ट्या पिळवटतात आणि भोकांशी काळ्या पडतात. लाकडासारख्या दिसणाऱ्या पीव्हीसीच्या पट्ट्या ओलाव्याला दाद देत नाहीत. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि समुद्राकडच्या खोल्या यांसाठी मी त्याच घेते. पश्चिमेच्या काचेला अगदी चिकटून मात्र लावू नका, कडक उन्हात त्या मधून वाकू शकतात. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या हलक्या आणि स्वस्त असतात, पण त्यांवरचा रंग चांगल्या भट्टीतला हवा. मुलांच्या हातून एकदा मुडपली की ती घडी कायमची राहते.

पट्ट्यांपेक्षा वरच्या पेटीकडे जास्त लक्ष द्या, कारण गंज तिथून सुरू होतो. दुकानात जाताना खिशात लहानसं चुंबक ठेवा. पेटीला चिकटलं तर ती पोलादी पत्र्याची आहे, कापलेल्या कडांपासून तांबेरेल. नाही चिकटलं तर बहुधा अॅल्युमिनियम. आतली स्प्रिंग स्टेनलेस स्टीलची आहे का, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

खोक्यातले स्क्रू मी वापरत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनलेस स्टीलचे 304 दर्जाचे आणते. घर अगदी पुळणीलगत असेल तर 316 चे घ्या. त्यात मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला जास्त तोंड देतं. या दोहोंतला फरक चुंबकाने कळत नाही, तिथे दुकानदाराच्या शब्दावर आणि बिलावरच भिस्त.

स्क्रू कशात मारायचा

सगळ्यात जास्त कामं इथे बिघडतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा. ब्लाइंडचं वजन फार नसतं. पण बिनदोरीचा ब्लाइंड खाली घेताना दर वेळी हाताचा ओढा ब्रॅकेटवर, म्हणजे वरची पेटी धरून ठेवणाऱ्या पकडीवर, येतो, दिवसातून दोन-चार वेळा, वर्षानुवर्षं. स्क्रू हलला की पेटी खाली येते.

लाकडी चौकट असेल तर तिथेच मारा. फणस, साग, ऐन, सगळी लाकडं जुनी झाली की दगडासारखी टणक होतात. आधी भोक न पाडता स्क्रू पिळला तर लाकूड तडकतं नाहीतर स्क्रूचं डोकं तुटतं. 4 मिलिमीटरच्या स्क्रूसाठी 2.5 मिलिमीटरच्या बीटने भोक पाडा, स्क्रूच्या लांबीपेक्षा किंचित कमी खोल. स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचं मेण चोळा. बरेच सुतार साबण लावतात, पण साबण ओल धरतो आणि स्क्रू लाकडात सडतो. मेणाने तो सहज फिरतो आणि कोरडाही राहतो.

गाळ्याच्या वर काँक्रीटचा लिंटल (खिडकीवरची आडवी तुळई) असेल तर ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारी सोय, चालू करून 6 मिलिमीटरचं भोक, त्यात रॉल प्लग (स्क्रू धरणारी प्लास्टिकची गुल्ली) आणि मग स्क्रू. बीट मधेच अडून खणखणलं तर सळई लागली. जोर लावू नका, दोन सेंटिमीटर बाजूला सरका.

आता चिरा. ड्रिलखालून पडणाऱ्या भुकटीवर नजर ठेवा. ती सगळं सांगते. आधी करडी-पांढरी भुकटी येते, तो गिलावा. मग रंग बदलून तांबडी येते, म्हणजे चिरा लागला. मधेच बीट एकदम सैल होऊन आत घुसलं तर तिथे चिऱ्यातली पोकळी किंवा मातीचा साठा आहे, तिथे प्लग धरणार नाही. चिऱ्यात हॅमर लावू नका. भोक मोठं होतं आणि कडा ढासळतात. नुसतं फिरवून पाडा. गिलाव्यात अडकलेला प्लग काही दिवसांनी गिलाव्याच्या खपलीसकट निघतो, म्हणून 8 मिलिमीटर जाडीचा आणि किमान 50 मिलिमीटर लांबीचा प्लग घ्या. तो गिलाव्याच्या पार, तांबड्या भागात जायला हवा. पावसाळ्यात ही भुकटी ओली होऊन चिखलासारखी भोकात बसते आणि प्लग घसरतो. म्हणून भिंतीत भोकं पाडायचं काम मृग लागायच्या आत उरका, नाहीतर दिवाळीनंतर.

इतकं करूनही चिऱ्याच्या भिंतीत ब्रॅकेटच्या नेमक्या जागी चांगलं भोक मिळेलच असं नाही. यावर माझा खात्रीचा उपाय म्हणजे लाकडी पट्टी. इंचभर जाड, तीन इंच रुंद आणि ब्लाइंडपेक्षा थोडी लांब सागाची पट्टी सुताराकडून रंधून घ्या. तिला चारी बाजूंनी रंग द्या, विशेषतः भिंतीकडच्या बाजूला, कारण ओल तिथूनच येते. भिंतीत चार-पाच भोकं पाडून बघा आणि जिथे पकड चांगली आहे तिथे पट्टी पक्की करा. मग ब्रॅकेट या पट्टीवर हवे तिथे लावा. भिंत कशीही असली तरी ब्रॅकेट लाकडातच बसतात. पुढे कधी ब्लाइंड बदलला तरी नवी भोकं फक्त पट्टीत पडतात.

भोक पाडण्याआधी खिडकीच्या वर आणि बाजूला बटण, दिवा किंवा पंख्याची वायर गेली आहे का बघा. बटणाच्या सरळ वर-खाली वायर असणार असंच धरून चाला. शंका असेल तर त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करा आणि बॅटरीचं ड्रिल वापरा. लाईट जाण्याचा भरवसा नसल्यामुळे बॅटरीचं ड्रिल आपल्याकडे एरवीही बरं पडतं. वर बघून भोक पाडताना चष्मा घाला. चिऱ्याची भुकटी डोळ्यात गेली तर फार झोंबते.

बसवताना

खोकं उघडलं की आधी सगळं जमिनीवर मांडा: ब्लाइंड, दोन किंवा तीन ब्रॅकेट, पट्ट्या फिरवायची दांडी, पेटीसमोरची झालर आणि खाली अडकवायच्या क्लिपा. तळपट्टी बांधलेली असते. ती बांधणी आत्ता सोडू नका.

ब्रॅकेट दोन तऱ्हेचे असतात. डबीसारखे असतील तर त्यांना पुढे उघडणारं झाकण असतं. ते डावे आणि उजवे वेगळे असतात आणि पेटीच्या अगदी टोकांना येतात. क्लिपचे असतील तर टोकांपासून 10 ते 15 सेंटिमीटर आत येतात. पेटी हातात धरून खालून बघा, आतली यंत्रणा आणि दोऱ्या जिथून निघतात ती जागा कुठे आहे. क्लिपचा ब्रॅकेट आणि मधला आधार त्या जागी येता कामा नयेत. ब्लाइंड मीटरभराहून रुंद असेल तर मधला आधार टाळू नका. तो नसला तर पेटी मधून झुकते आणि सगळा तोल जातो.

जागा पेन्सिलीने खुणा करून घ्या आणि लेव्हल (बुडबुड्याची नळी असलेली पट्टी) लावा. जुन्या घरात चौकटीच्या रेषेवर विश्वास ठेवू नका, बुडबुड्यावर ठेवा. आमची एक चौकट तीन फुटांत अर्धा इंच उतरती आहे. तिथे एका ब्रॅकेटखाली लाकडी चपटी घालून पेटी समपातळीत आणली. पेटी तिरकी राहिली तर स्प्रिंग एका बाजूला जास्त ओढते आणि तळपट्टी कधीच सरळ येत नाही.

स्क्रू पूर्ण आत गेला पाहिजे, डोकं ब्रॅकेटच्या पत्र्याशी सपाट. डोकं वर राहिलं तर पेटी त्यावर अडते आणि ती जबरदस्तीने ढकलताना तिला पोचा पडतो. डबीच्या ब्रॅकेटमध्ये पेटी समोरून सरळ सरकवा आणि झाकण खटकन आवाज येईपर्यंत बंद करा. क्लिपच्या ब्रॅकेटमध्ये आधी पेटीची पुढची कड अडकवा, मग मागची बाजू वर दाबा. आवाज आला तरी पेटी दोन्ही हातांनी धरून एकदा खाली ओढून बघा. ब्लाइंड मोठा असेल तर दुसरं माणूस हवंच. दांडी आकड्यात अडकवा, झालर लावा आणि सगळ्यात शेवटी तळपट्टीची बांधणी सोडा.

तळपट्टी खाली अडकवायच्या क्लिपा सहसा कोणी लावत नाही. समुद्राकडच्या खिडकीला लावा. खिडकी उघडी असताना दुपारच्या वाऱ्यावर ब्लाइंड चौकटीवर आपटत राहतो, ते थांबतं.

रोज वापरताना

वर-खाली करण्याआधी दांडी फिरवून पट्ट्या आडव्या, उघड्या करा. मिटलेल्या पट्ट्यांत दोऱ्या घासतात. खाली घेताना तळपट्टी मधोमध धरा आणि हळू ओढा. वर नेताना तळहात तिच्याखाली मधोमध ठेवून उचला. झटका देऊन सोडू नका. काही ब्लाइंड्सच्या तळपट्टीला बटण असतं. ते दाबून धरल्यावरच ती हलते, हवी तिथे आली की बटण सोडायचं. घरातल्या प्रत्येकाला हे एकदा हातात धरून दाखवा, मुलांनाही. आमच्याकडे सुरुवातीला जो तो एका कोपऱ्याला धरून ओढायचा.

पट्ट्या कुठल्या बाजूला कलवायच्या याचा फार कोणी विचार करत नाही, पण खरा उपयोग त्यातच आहे. दांडी एका दिशेला फिरवली की पट्ट्यांची बाहेरची कड खाली जाते आणि खोलीतली कड वर येते. घराच्या छपराला बाहेर उतार असतो तसा. असं ठेवलं की वरून येणारं ऊन अडतं आणि उजेड छताकडे जाऊन खोलीभर मऊ पसरतो. आपली घरं बऱ्याचदा रस्त्याच्या खालच्या अंगाला असतात. रस्त्यावरून खाली बघणाऱ्याला अशा पट्ट्यांमधून आतलं दिसत नाही, आणि आपल्याला मात्र अंगण दिसत राहतं. उघड्या खिडकीतून पावसाचे चार शिंतोडे आलेच तर ते पट्टीवरून बाहेरच्या बाजूला गळतात, खाटेवर नाही. उलटा कल दिला तर दुपारचं ऊन सरळ जमिनीवर येतं. थंडीच्या सकाळी पूर्वेच्या खिडकीला तसं मी मुद्दाम करते.

बिघडलं तर

तळपट्टी तिरकी झाली तर ब्लाइंड पूर्ण खाली आणा, दोन्ही हातांनी पट्टी सरळ करा आणि सावकाश वर न्या. तरीही तिरकी राहिली तर पेटीची लेव्हल पुन्हा तपासा.

वर नेलेला ब्लाइंड हळूहळू खाली घसरत असेल तर तो पूर्ण खाली आणि पूर्ण वर असा आठ-दहा वेळा करा. बऱ्याचदा स्प्रिंगचा ताण पुन्हा जमतो. खाली येतच नसेल तर आधी बोटभर वर उचला आणि मग ओढा. पट्ट्या फिरत नसतील तर बहुधा दांडी आकड्यातून निसटलेली असते. एकच पट्टी वेडीवाकडी राहत असेल तर तिच्या आडवी जाणारी दोरी एका बाजूने सुटलेली असते, ती बोटाने जागेवर ढकला.

पट्ट्यांमधली बारीक दोरी कुठे ढिली पडून बाहेर येत असेल तर मात्र तो ब्लाइंड त्याच दिवशी उतरवा. बाहेर आलेली ढिली दोरी मुलांसाठी तितकीच धोक्याची आहे. आणि स्प्रिंगची डबी स्वतः उघडू नका. आत ताणलेली पात असते, ती सुटली तर हात कापते. पेटी उतरवून दुकानात न्या.

मीठ आणि पावसाळा

दक्षिण-पश्चिमेचा वारा दोन दिवस सलग वाहिला की सकाळी एखाद्या पट्टीवरून बोट फिरवा आणि जिभेला लावा. खारट लागतं. हा चिकट थर दिसत नाही, पण धूळ त्यालाच धरते आणि ओलावाही तोच ओढून घेतो. आठवड्यातून एकदा पट्ट्या मिटून मऊ कोरड्या फडक्याने वरून खाली पुसा, मग उलट्या मिटून दुसरी बाजू. पण कोरड्या पुसण्याने मीठ पूर्ण जात नाही. महिन्यातून एकदा साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. डाग असतील तर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. व्हिनेगर किंवा न्हाणीघराचं ॲसिड अॅल्युमिनियमला लावू नका, रंग मरतो. ब्लाइंड उतरवून नळाखाली धुण्याचा मोह होतो, पण पेटीत शिरलेलं पाणी किनाऱ्यावरच्या हवेत वाळत नाही आणि स्प्रिंग गंजते. पेटीत तेलही घालू नका, त्यावर धूळ आणि मीठ चिकटून राळ होते.

आषाढ-श्रावणात ब्लाइंड दिवसभर मिटून ठेवू नका. पट्ट्या आडव्या ठेवा, हवा खेळू द्या, नाहीतर दोऱ्यांवर काळी बुरशी धरते. दोन दिवसांतून एकदा तरी ब्लाइंड पूर्ण वर-खाली करा. एकाच जागी महिनाभर राहिलेल्या दोऱ्या भोकाशी काळ्या पडतात.

वादळाची सूचना आली की ब्लाइंड पूर्ण वर घ्या आणि मगच झडपा लावा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा आमच्याकडेही वारा चांगलाच होता. एका खोलीतला ब्लाइंड खालीच राहिला होता आणि झडप उघडली गेली. संध्याकाळी बघितलं तर खालच्या सात अॅल्युमिनियम पट्ट्या मुडपलेल्या. वर घेतलेल्या ब्लाइंड्सना काही झालं नव्हतं.

दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक ब्रॅकेटचा स्क्रू एकदा स्क्रू ड्रायव्हरने घट्ट करून बघा. फिरत राहिला तर भोक मोठं झालंय. लाकडात असेल तर स्क्रू काढून भोकात सुतारी गोंद लावलेल्या दोन आगकाड्या, गूल काढून, ठोकून बसवा. रात्रभर वाळू द्या आणि सकाळी तोच स्क्रू परत पिळा. चिऱ्यात असेल तर त्या भोकाच्या मागे लागू नका, पट्टीवर चार बोटं सरकून नवं भोक पाडा.